त्या बाईच्या हाताची चव

खोटं कशाला बोलू, मी जळते. त्या मेसवाल्या बाईवर जळते. तिनं माझं काय वाकडं केलं न्हाई, उलट मला 'अम्मा' म्हनून बसायला खुर्ची दिली. तरी जळते.

त्याचं काय हाय, आमच्या मालकांनी, म्हंजे आबासाहेबांनी, चौतीस वर्षांत माझ्या सैपाकाला एकदाबी 'चांगला झालाय' म्हनलं न्हाई. वाईट मात्र लगेच म्हनत्यात. मीठ कमी हाय, भाकरी करपली, कालवन पानीपानी झालं, हे सगळं पैल्या घासाला कळतं त्यांना. जल्मभर साखर कारखान्याच्या काट्यावर नोकरी केली. उसाच्या गाडीत जरा कमी भरलं की वरडायचं, हेच काम. माप बरुबर भरलं म्हनून कुनाची पाठ थोपटायची असती, हे त्यांना कुनी शिकवलंच न्हाई. मीबी मनाची समजूत घातल्ती. गडी गप जेवतोय म्हंजे चांगलं झालंय. आन् मला वाटायचं, त्यो शब्द त्यांच्या तोंडात न्हाईच. एखाद्याला शीळ वाजवता येत न्हाई, तसं.

ही समजूत माझ्या सुनंनं मोडली. धनश्री तिचं नाव. संगमनेरची पोर, पतसंस्थेत कामाला जाती. गुनाची हाय, पन तिला खायचं लई येड. आमी ऱ्हातो राहात्याच्या कडंला, पेरूच्या बागंत. शिर्डी हाकेच्या अंतरावर. देशभरची मानसं तिथं येत्यात आन् ज्याचं त्याचं जेवन त्यांच्या मागं येतं. हे आमाला काय माहीत न्हवतं असं न्हाई. पाट्या दिसायच्या की रस्त्यानं. पन आमचं बाहेरचं खानं म्हंजे बाजाराच्या दिशी कागदातली भजी. धनश्री मोबाईल पुढं धरून म्हनायची, "आई, घरापासून दोन किलोमीटरवर काय काय आहे बघा! लोक हजार मैलांवरून येऊन खातात, आणि आपण इथं पिठलं."

"पिठल्याला काय झालं?" मी म्हनायची.

पन गेलो. कल्यान, माझा पोरगा, गाडी काढायचा आन् एक रविवार सोडून आमची वरात निघायची. एकदा मारवाड्याकडं दालबाटी खाल्ली. तूप कोपरापर्यंत वघळलं. एकदा बंगाल्याच्या दुकानात पांढरी मिठाई घेतली, ती मला आवडली, उगं कशाला न्हाई म्हनू? मालक सगळीकडं गप जेवायचे. माझं बरं चाललं हुतं. जे मला न्हाई ते कुनालाच न्हाई, हे बघून जीव गार व्हायचा.

मंग धनश्रीनं ती आंध्रावाली मेस शोधून काढली. हायवेच्या मागच्या गल्लीत पत्र्याचं शेड, सहा टेबलं. सैपाक करनारी नागमनी म्हनून बाई, माझ्याच वयाची. त्या दिशी माझी संकष्टी. मी आपली ताकाचा पेला घेऊन बसले. मालकांच्या पानात भातावर एक हिरवी, घट्ट, आंबूस वासाची डाळ वाढली. 'गोंगुरा' म्हनत्यात म्हनं. मालकांनी घास घेतला. थांबले. आनिक घेतला. तीनदा मागून खाल्ली. आन् मंग, बाई गं, हे उठले. हात धुतला, सैपाकघराच्या दारापशी गेले, दोन्ही हात जोडले आन् पंधरा मानसांम्होरं म्हनाले, "अम्मा, एक नंबर! बहुत चांगला है! हात में चव है!"

चांगला!

म्हंजे त्यो शब्द हुता की तोंडात. चौतीस वर्षं दाबून धरल्ता, आन् दिला कुनाला, तर जिची भाषा येत न्हाई, जिचं गाव माहीत न्हाई, तिला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ताकाचा पेला तसाच सरकवून ठेवला.

गाडीत धनश्री खुश. "आई, बाबांना किती आवडलं बघितलंत?"

"बघितलं," मी म्हनलं. "आंधळी न्हाई मी."

तवापासून आमच्या घरात ती बाई ऱ्हायला आल्यागत झालं. मालक सोमवारी न् गुरुवारी स्कूटरवर बसून एकलेच जायला लागले. घरी आले की पोटावर हात फिरवत तिचं गुनगान. "ती बाई पाटं चारला उठती." मी काय दुपारी उठते? "समदं एकली करती, गडी न्हाई हाताखाली." मला काय चार आचारी दिल्यात? "तिच्या हातच्या त्या गोंगुऱ्याला तोड न्हाई. असली भाजी आपल्यात हुतच न्हाई." माझ्या भाकरीकडं तर असं बघायचे, जशी काय पावन्याच्या घरी नाइलाजानं खात्यात. एके दिशी मी भरली वांगी केली. पाट्यावर मसाला वाटला, हात भगभगला. अर्धी भाकरी खाऊन उठले. म्हनाले, "भूक न्हाई." सोमवार हुता.

धनश्रीनं माझं तोंड बघितलं. हळूच म्हनली, "आई, तुम्हाला जेलसी होतेय का?"

"म्हंजे काय गं?"

"म्हणजे... जळणं."

"मंग तसं म्हन की सरळ. जळते मी. पार कोळसा झालाय." तिला हसू आलं, मला रडू आलं.

म्हनलं, एकदा बघून तरी येऊ, ही हाय तरी कोन. मंगळवारी धनश्रीला अर्ध्या दिसाची सुट्टी हुती. तिच्या स्कूटीवर मागं बसले आन् गेले. जेवनं उरकल्ती. नागमनी शेडच्या मागं पोत्यावर बसून पालेभाजी निवडत हुती. मला बघून उठली, खुर्ची दिली, "बैठो अम्मा." तिचे पाय सुजलेले. हातावर तेलाचे चटके, माझ्या हातावर हायत तसलेच. मला तिच्यावर रागावता येईना म्हनून आनिकच राग आला.

आन् मंग माझी नजर त्या पाल्यावर गेली.

लाल देठ. हाताच्या बोटांसारखी फाकलेली पानं. मी एक पान तोंडात टाकलं. आंबट. ही अंबाडी! आमच्या इहिरीच्या कडंला, बांधावर, कंबरंएवढी माजलेली अंबाडी! माझी आई करायची, तिच्यापासून मी शिकले. लगीन होऊन आले तवा पैल्या म्हैन्यात केल्ती. तवा मालकांनी ताट सरकवलं आन् म्हनाले, "ह्यो ढोराचा पाला मानसाला घालती व्हय?" सासू हसली, दीर हसले. त्या दिसापासून ह्या घरात अंबाडी शिजली न्हाई. चौतीस वर्षं मी ती म्हशीला टाकते.

"येच गोंगुरा?" मी इचारलं.

"हां अम्मा, गोंगुरा." मंग ती सांगाया लागली. इकडं मिळत न्हाई, हैदराबादवरनं ट्रॅव्हल्सच्या गाडीत मागवावा लागतो, येस्तवर अर्धा सुकतो, पैसा लई जातो. तिनं माझ्याकडं आशेनं बघितलं. "अम्मा, आपके गाँव में होता है क्या?"

आता बघा. मी काय वाईट बाई न्हाई. दारात आलेल्याला उपाशी धाडत न्हाई. पन त्या टायमाला माझ्या तोंडातनं काय निघालं?

"नहीं," मी म्हनलं. "इधर नहीं होता."

धनश्रीनं माझ्याकडं चमकून बघितलं. ती रोज त्याच बांधावरनं येती-जाती. पन गप ऱ्हायली पोर. जाताना मी एक पार्सल घेतलं, प्लास्टिकच्या डब्यात, रबर लावून. घरी येऊन चोरासारखी एकलीच खाल्ली. वाईट असती तर किती बरं झालं असतं! पन चांगली हुती. फक्त मी लसून जास्ती घालते आन् ज्वारीचा भरडा लावते, त्यानं अंग येतं. तेवढाच फरक. मी त्यो डबा चाटूनपुसून धुतला आन् ठेवून दिला.

पिकतं तिथं विकत न्हाई म्हनत्यात. पन माझ्या बांधावर पिकलेलं, माझ्याच नवऱ्याला, दुसऱ्याच बाईनं विकावं? रातभर हीच गोष्ट डोक्यात.

गुरुवारी सकाळी मालक दाढी करत हुते. दाढी! मेसला जायला! मी म्हनलं, "आज जाऊ नका. धनश्रीनं सकाळीच तिथलं पार्सल आनून दिलंय. दुपारी घरीच जेवा."

"काय दिलंय?"

"तुमचं ते गोंगुरा."

लगेच खुशीत आले आन् दुपारपातुर बागंत कामाला गेले. मी मागल्या दारानं इहिरीवर गेले आन् अंबाडीची कवळी कवळी पानं खुडली. तुरीची डाळ, मूठभर भरडा, शेंगदाने. शिजवून घोटली. लोखंडी पळीत तेल कडकवून वीस पाकळ्या लसून लाल केला, वर दोन सुक्या मिरच्या, आन् चर्रकन वतली. घरभर वास सुटला तवा मला माझी आई आठवली, ती बी कधी कुनाच्या तोंडून चांगलं न ऐकताच गेली. थोडी भाजी त्या धुतलेल्या डब्यात भरली, रबर लावलं. बाकीचं पातेलं फळीवर झाकून ठेवलं.

मालक जेवायला बसले. मी डबा त्यांच्या देखत उघडला, ताटात वाढली. पैला घास. मी चुलीकडं तोंड करून उभी. जशी काय मी परीक्षेला बसलीया, ह्या वयात.

"आई शप्पत," मालक म्हनाले. दुसरा घास. "आज तर लईच भारी. नेहमीपेक्षा बी भारी. हे बघ लंके, ये हिकडं, खाऊन बघ जरा. याला म्हनत्यात चव. आज तिनं काय घातलंय कुनास ठाऊक, पन हात हाय बाईचा! चांगलं म्हंजे किती चांगलं असावं!"

चौतीस वर्षं ज्या शब्दासाठी कान टवकारून बसले, त्यो आला. माझ्याच भाजीला आला. आन् गेला तिच्या नावावर. त्या क्षनाला मी त्या बाईवर जळत न्हवते, माझ्या स्वोताच्या भाजीवर जळत हुते. गप बसले असते तर म्हैन्याला एकदा तरी असं ऐकाया मिळालं असतं. धुवायचा डबा, भरायचा डबा. पन मला जमंना.

"ती मी केलीया," मी म्हनलं.

"काय?"

"ही भाजी. बांधावरची अंबाडी हाय. तुमचा ढोराचा पाला. डबा तेवढा तिचा."

मालकांचा हात ताटातच थांबला. डब्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. गिळला घास. मंग म्हनाले, "तरीच म्हनलं, मीठ जरा पुढं हाय."

हसावं का रडावं ते कळंना. मी तशीच उभी. आन् हे खाली मान घालून जेवाया लागले. डब्यातली भाजी संपली, ताट बोटानं पुसलं, अर्धी भाकरी हातात. म्हनाले, "हाय का आनिक?"

"हाय," मी म्हनलं. "पातेलंभर हाय. पन आधी म्हना."

"काय म्हनू?"

"त्या बाईला म्हनला ते."

"डोकं फिरलं का तुझं?"

"फिरू द्या. म्हना."

"वाढ गं गपचिप."

"पंधरा मानसांत, हात जोडून, परक्या भाषेत जमतं. हितं तर कुनी न्हाई, मी एकली हाय. म्हना की. एकदा."

पातेल्याकडं बघितलं त्यांनी. भूक हुती, मला दिसत हुती. तोंडबी उघडलं. मला वाटलं, आलं, आता आलं. ओठ हालले, पन आवाज निघाला न्हाई. कान लाल झाले. सांगते, त्या वक्ताला मला त्यांची कीव आली, इतकं ते अडकले हुते. पन मी पळी हालवली न्हाई.

मंग ते उठले. अर्धी भाकरी ताटात तशीच. हात धुतला, टोपी घातली आन् बाहेर पेरूखालच्या बाजंवर जाऊन बसले. अर्धपोटी उठला गडी, पन म्हनाला न्हाई.

मी दारात उभी ऱ्हाऊन त्यांच्या पाठीकडं बघितलं थोडा येळ. मंग फळीवरनं पातेलं खाली घेतलं, पाटावर बसले, भाकरी घेतली, कांदा फोडला आन् पैला घास तोंडात टाकला. मीठ अगदी बरुबर हुतं.

"चांगली झालीया गं, लंकाबाई," मी म्हनलं. बाजंपर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्यांदा म्हनलं.