सोमवारचं बोट

गहिनीनाथ हा काही लबाड माणूस नव्हता. ऊसतोडीच्या टोळीत कोणालाही विचारा, दुसऱ्याच्या मोळीला त्यानं कधी हात लावला नाही. तरी सात आठवडे झाले, दर सोमवारी तो एका डॉक्टरीणबाईंना तोंडावर फसवत होता, आणि तेही बायकोच्या बोटानं.

त्याचं झालं असं. दिवाळीआधी पाथर्डीकडच्या त्याच्या गावात उपकेंद्रातल्या सिस्टरनं सगळ्यांची साखर तपासली आणि गहिनीनाथची वाढलेली निघाली. टोळी तर श्रीगोंद्याच्या उसाला निघालेली, पुढं पाच-सहा महिने गावाचं तोंड दिसायचं नाही. मग सिस्टरनंच तोड काढली. साखर मोजायचं मशीन आणि पट्ट्या हातात दिल्या, गोळ्या दिल्या, आणि मोबाईलात सोय करून दिली. दर सोमवारी सकाळी साडेसातला नगरहून डॉक्टर फलक मॅडम व्हिडिओवर यायच्या. उपाशीपोटी बोट टोचायचं, मशीनवरचा आकडा मोबाईलपुढं धरायचा, मॅडम सांगतील तसं वागायचं. पाच मिनिटांचं काम होतं.

पहिल्याच सोमवारी आकडा आला तीनशे अठरा. त्यात पायाला उसाचं खोडकं लागून झालेली जखम मॅडमनी पाहिली. म्हणाल्या, "काका, दोन आठवडे काम बंद. कदाचित इंजेक्शन सुरू करावं लागेल." फोनचा आवाज मोठा, आणि मुकादम सहादेव शेजारीच उभा.

"मंग कोयता मोडला की रं तुजा," सहादेव म्हणाला. आवाजात राग नव्हता, पण अर्थ स्पष्ट होता. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता. एकानं तोडायचं, एकानं मोळी बांधून वाहायची. एकट्या माणसाला तिथं कोणी मोजत नाही. गहिनीनाथ बसला तर त्याची बायको मुक्ताबाईही बसली, आणि त्यांच्या जागी दुसरी जोडी आली. शिवाय भर हंगामात साखर झाली म्हणून गावी परतायचं! गहिनीनाथला ते बायकोच्या पदराआड लपल्यासारखं वाटलं.

पुढच्या सोमवारी त्यानं मुक्ताबाईला बांधाकडं बोलावलं आणि म्हणाला, "दे गं बोट."

तिनं दिलं. का, कशाला, काही विचारलं नाही. दोघांचा मिळून कोयता एकच धरतात, मग रक्त तेवढं वेगळं कशाला धरायचं, असं तिला वाटलं असावं. आकडा आला शहाण्णव. मॅडम खूश झाल्या, काम चालू ठेवायला हरकत नाही म्हणाल्या. पुढं एकशे दोन, मग चौऱ्याण्णव. मॅडम म्हणाल्या, "काका, तुमचं उदाहरण मी बाकीच्या पेशंटना देते हं." गहिनीनाथ मान खाली घालून पायानं उसाचं वाळलं पाचट उकरत राहिला. त्या बोलण्यानं त्याला दिवसभर भाकरी गोड लागली नाही.

पण लाज वाटते म्हणून माणूस सुधारतोच असं थोडंच आहे? गोळी घेतली की हातपाय गळतात, कोयता चालत नाही, असं म्हणून हा गडी एक दिवस गोळी घ्यायचा आणि चार दिवस चुकवायचा. उरलेली पाकिटं राहायच्या कोपीत अंथरुणाखाली सारायचा. वर दुपारी कोणी बघत नाही असं पाहून उसाचं कांडं सोलायचा. रात्री चार-चार वेळा उठायचा, तांबेच्या तांबे पाणी प्यायचा. मुक्ताबाई सगळं बघायची. तिच्या डोळ्याला डोळा द्यायचं त्यानं सोडून दिलं होतं.

सातव्या सोमवारी आकडा आला एकशे एक्केचाळीस. मॅडमनी विचारलं, "काका, सकाळी काही गोड घेतलंत का?" फोन बंद झाल्यावर गहिनीनाथ मुक्ताबाईवर घसरला.

"पहाटं च्या पेलीस ना? खरं सांग!"

"गारठा लई हुता वो. घोटभर पेले, त्यात भाकर मोडली."

"तुज्या घोटापायी माजी इज्जत गेली आस्ती. जिभेवर जरा ताबा ठिव."

बघा, सांगतंय कोण! शेळी जाते जिवानिशी, खाणारा म्हणतो वातड. पण मुक्ताबाई एवढंच म्हणाली, "चुकलं माजं."

आठव्या सोमवारी पहाटेपासून तिचं काही खरं नव्हतं. रात्री ती जेवली नव्हती, भूक नाही म्हणाली होती. फडात दोनदा मोळी तिच्या हातून सुटली. थंडीनं सगळे कानाला फडकी बांधून होते आणि हिच्या कपाळावर घाम. गहिनीनाथला दिसत होतं. पण त्याला वाटलं, परवाचं बोलणं मनाला लागलंय, म्हणून फुगलीय. साडेसात वाजत आले तसं तिला रेंज असलेल्या बांधावर नेऊन त्यानं बोट टोचलं. बोट गार आणि ओलं होतं. मशीनवर आकडा उमटला: सेहेचाळीस.

गहिनीनाथ हरखला. आकडा जितका कमी तितकं चांगलं, एवढंच त्याला कळलेलं. मुक्ताबाईला त्यानं मोळ्यांच्या मागं बसवलं, मोबाईल एका मोळीला टेकवून उभा केला आणि मॅडम दिसल्याबरोबर मशीन पुढं केलं. "शेचाळीस, मॅडम!"

मॅडमचा चेहराच बदलला. "काका, आधी खाली बसा. घाम येतोय? हात थरथरतायत? डोळ्यांपुढं अंधारी येते? साखर फार खाली गेलीय. शुद्ध जाईल तुमची, जिवावर बेतेल. गोड काय आहे जवळ? माझ्यासमोर खा. आत्ता."

एकेक शब्द गहिनीनाथ ऐकत होता आणि मोळ्यांमागं तो शब्द त्याला दिसत होता. घाम तिला होता. हात तिचे थरथरत होते. त्याच क्षणी त्याला सगळं कळलं. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण ते वाक्य बोललं की सात सोमवार उघडे पडणार, मॅडमचं ते कौतुक मातीत जाणार. फोन बंद होऊ दे, मग लगेच तिला देतो, असं त्यानं मनाशी म्हटलं. बाजूचा ऊस मोडला, दातानं सोलला आणि मॅडमच्या देखत चावायला लागला.

"शाब्बास काका, अजून खा. मी फोन ठेवणार नाहीये. पंधरा मिनिटांनी परत तपासू."

तो खात राहिला. रस गोड होता, आणि गोड लागतोय याचीच त्याला शिसारी आली.

"अवो," मोळ्यांमागून मुक्ताबाई म्हणाली, "मला कसंतरीच हुतंय." फोनला ऐकू जाऊ नये म्हणून तिनं तोंडापुढं पदर धरला होता. आणि तशीच ती पाचटावर कलंडली.

गहिनीनाथनं तोंडातला ऊस थुंकला. मोबाईल उचलून तिच्याकडं वळवला आणि ओरडला, "मॅडम, माजं न्हाई! रगत हिचं हाय! आकडा हिचा हाय!"

मॅडम पडद्याजवळ झुकल्या. मग भराभरा बोलायला लागल्या. "शुद्धीत आहेत का? हाक मारा. गिळता येतंय? मग उठून बसवा. ऊस नको, घशात अडकेल. साखर पाण्यात घोळून घोट घोट पाजा." चहाच्या साखरेचा डबा घेऊन बायका धावल्या. टोळी गोळा झाली, सहादेवही आला. पेलाभर पाणी पोटात गेल्यावर काही वेळानं मुक्ताबाईनं डोळे नीट उघडले.

"ताई, तुम्ही काही गोळी घेतलीत का?" मॅडमनी विचारलं.

मुक्ताबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. मग दोन बोटं वर केली. "यांच्या उरलेल्या हुत्या आथरुनाखाली. मागल्या टायमाला माजा आकडा वाढला. म्हनलं, दोन घेतल्या तर उतरंल."

सगळ्या टोळीनं ते ऐकलं. मॅडम गहिनीनाथला म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही गोळ्याही घेत नव्हता." त्यांनी विचारलं नव्हतं, नुसतं म्हटलं होतं. त्यापेक्षा त्यांनी कानाखाली आवाज काढला असता तर बरं झालं असतं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"त्या गोळीचा असर लवकर जात नाही. साखर परत उतरू शकते," मॅडम म्हणाल्या. "दोघांनाही लगेच दवाखान्यात न्या. आणि काका, आता तुमचं बोट."

माणसांच्या गराड्यात गहिनीनाथनं स्वतःचं बोट टोचलं. सात आठवड्यांत पहिल्यांदा ते दुखलं. चारशे सात. सहादेवनं कोयत्याचा विषय काढला नाही, त्याच्याकडं बघायचंही टाळलं आणि टेम्पो आणायला निघून गेला.

मुक्ताबाई त्याच्या खांद्याला टेकून बसली होती. गडबड कशाची चाललीय हे तिला अजून पुरतं उमगलं नव्हतं. तिनं हळूच त्याची बाही ओढली.

"लईच खाली गेला का वो माजा आकडा? पुढल्या सोमवारी एकच गोळी घेते. बराबर आनते. रागावू नका."

गहिनीनाथनं तिचं बोट दोन्ही हातांत घट्ट धरलं. टोळी उभी होती, फोन चालू होता, मॅडम बघत होत्या, आणि तो सगळ्यांसमोर हुंदके देऊन रडायला लागला.