कमळाच्या नाण्याचं वजन

"जाऊ नको गं... जाऊ नको गं... जाऊ नको गं..."

मोशीतल्या यशोदाबाईंच्या ओसरीवर त्या गुरुवारी पाय ठेवायला जागा नव्हती. पहिल्या पाळीवरून सुटलेले कामगार सायकली कुंपणाला टेकवून उभे होते, बायका भिंतीला चिकटून बसल्या होत्या आणि मधोमध चौरंगावर, झेंडूच्या माळेत, रेकॉर्ड प्लेअर चालू होता. दीड महिन्यापूर्वी ट्रकखाली सापडून गेलेला यशोदाबाईंचा मुलगा ज्योतीराम त्यातून आपल्या बायकोला बजावत होता. जाऊ नको.

कुठं जाऊ नको, हे सांगायला नादबाबा होते. भगवी लुंगी, कपाळभर अंगारा, बोटात खड्याची अंगठी.

"आवाज म्हंजे वायू," बाबा म्हणाले. "वायू म्हंजे आत्मा. आन् आत्म्याला या कलियुगात वीज लागती. पूर्वी पिंपळ लागायचा, आता प्लग लागतो!"

"पण बाबा, गळा तर गाणाऱ्याचा हाय," मागून कुणीतरी चाचरत म्हणालं.

"गळा त्याचा, पण थांबतो कुठं? ज्योतीरामला थांबायचं तिथं! कंपनीत जाऊ नको म्हणतोय बायकोला."

"कंपनीतच जाऊ नको म्हणतोय," दौलतरावांनी री ओढली. दौलतराव म्हणजे ज्योतीरामचे चुलतभाऊ. बाबांना चाकणहून आणलं होतं ते त्यांनीच. कंपनीनं ज्योतीरामच्या जागी घरातल्या एकाला घ्यायचं कबूल केलं होतं. पत्र बायकोच्या, रुक्मिणीच्या नावानं होतं आणि शनिवारी एकच्या आत तिनं हजर व्हायचं होतं. ती गेली नाही, तर त्याच जागेसाठी दौलतरावांचा मुलगा घरात तयार बसला होता.

गर्दीच्या कडेला चपला हातात घेऊन रहिमान उभा होता. चिंचवड स्टेशनाजवळ त्याचं रेडिओदुरुस्तीचं दुकान. दुखवट्याला भेटायला म्हणून तो आला होता. त्यानं प्लेअरकडे नीट पाहिलं. आर्मच्या, म्हणजे सुईच्या दांड्याच्या, डोक्यावर नाणं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी हा प्लेअर ज्योतीरामनं एका परदेशी इंजिनिअरकडून घेतला, तेव्हाच त्याचं कार्ट्रिज, म्हणजे सुई धरणारा तो आगपेटीएवढा तुकडा, मेलेलं होतं. मूळचं कार्ट्रिज जड होतं, तसलं इथं मिळणं शक्य नव्हतं. रहिमाननं पुण्याहून देशी, हलकं कार्ट्रिज आणलं. पोस्टकार्डावर रेघा आखून सुई त्यांवर सरळ बसेपर्यंत तो दोन दुपारी त्या आर्मशी झटला. सुई सरळ बसली, पण दाब पुरेना. आर्मच्या शेपटीचं वजन पुढंमागं सरकवलं की दाब बदलतो, पण ते गंजून घट्ट बसलं होतं. शेवटी त्यानं खिशातलं वीस पैशाचं पिवळं, कमळाचं नाणं आर्मच्या डोक्यावर मेणानं चिकटवलं होतं.

"हे काढू नको हं ज्योतीराम. सुई हलकी पडली की उड्या मारते, मागच्याच रेघेत परत पडते."

"चाचा, तुमचं इंजिनिअरिंग वीस पैशाचं!" असं म्हणून ज्योतीराम हसला होता.

रहिमानला हे सगळं सांगायचं होतं. ओठापर्यंत आलंही. पण ओसरीत उदबत्त्या होत्या, रडणारी आई होती आणि तो होता रहिमान. दुसऱ्याच्या देवाधर्मात आपण कोण बोलणारे? उद्या कुणी म्हणेल, मियाँनं बाटवलं. त्यानं चपला पायात घातल्या आणि खाली मान घालून बस पकडली.

शनिवारी सकाळी दहाला रुक्मिणी त्याच्या दुकानाच्या फळीशी उभी राहिली.

"चाचा, तुमीच बसवलं ना ते? खरं सांगा. ते बोलत्यात का?"

"न्हाई बेटा."

"मला ठाव हाय. पुढं 'अनवाणी' हाय. 'जाऊ नको गं अनवाणी, वाट काट्याची.' दोन वर्षं ऐकलंय मी. पण सुनेचं कोण ऐकतं? बाबा म्हनत्यात, पुढचं गानं हाय, आदेश तेवढाच. कंपनीचं पत्र सासूबाईंनी देव्हाऱ्यात ठेवलंय, हात लावू देत न्हाईत."

"आणि नाणं? कमळाचं?"

"ते बी तिथंच. बाबांनी पैल्या दिवशी सांगितलं, लेकाच्या हातची लक्ष्मी हाय, यंत्रावर नको, पुजा. म्हणून पत्रावर ठेवलंय. मग रेकॉर्डवर अंगठीचा हात फिरवून आशीर्वाद बी दिला."

रहिमाननं पिशवीत एक जुनी विनोदी रेकॉर्ड आणि एक टाचणी टाकली.

ते पोचले तेव्हा अकरा वाजून गेले होते. ओसरी भरलेली, बाबांचं आख्यान चालू. दौलतराव आडवे आले. "रहिमानभाई, आज शनवार, मारुतीचा. वार पाळा."

"मशीन माझ्या हातचं आहे. बघून जातो," रहिमान पुटपुटला. बाबांचं आख्यान संपेपर्यंत तो भिंतीशी उभाच राहिला. त्यात पाऊण तास गेला.

मग त्यानं पिशवीतली रेकॉर्ड काढली, सगळ्यांसमोर तिच्यावर टाचणीनं बारीक चरा ओढला आणि ती लावली. चऱ्याशी येताच सुई उडाली.

"चहा टाक की... चहा टाक की... चहा टाक की..."

पोरी फिसकन हसल्या. एक कामगार म्हणाला, "राव, आत्म्याला चहा बी लागतो का?"

"तृष्णा आहे!" बाबा गरजले. "तृप्त करा त्याला!"

आणि यशोदाबाई उठल्या. गुडघ्यावर हात टेकून, भिंतीला धरत. "त्याला दुपारचा लागायचाच," म्हणत त्या चुलीकडे निघाल्या. हसू जिथल्या तिथं विझलं. रहिमानला वाटलं, सगळं असंच सोडून पळून जावं.

"यशोदाबाई," तो कसाबसा म्हणाला, "माझ्या दुकानातली रेकॉर्ड आहे ही. चरा आत्ता मी ओढला. ज्योतीराम न्हाई त्यात. एक करा, ते देव्हाऱ्यातलं नाणं तुमच्या हातानं इथं ठेवा. मी शिवत न्हाई."

"खबरदार! लक्ष्मी यंत्रावर?" बाबा ओरडले.

रहिमाननं पहिल्यांदा बाबांच्या डोळ्यांत पाहिलं आणि अंगाऱ्याखालचा चेहरा ओळखला. "भैरू, चाकणला लाउडस्पीकर लावायचास. सुयांच्या डब्या माझ्याकडनंच न्यायचास ना? नाणं काढलं की काय होतं, तुला ठाऊक होतं. अन् ज्योतीरामच्या रेकॉर्डवर अंगठीचा चरा ओढलास आशीर्वाद देताना."

रुक्मिणीनं ती रेकॉर्ड उजेडात धरली. चरा चमकला, अंगठीच्या खड्यानं पडावा तसा. बाबांनी हात लुंगीत लपवला.

यशोदाबाई चुलीकडून देव्हाऱ्याशी आल्या. मग त्यांनी नाणं उचललं. खालचं पत्र पंख्याच्या वाऱ्यानं उडून जमिनीवर आलं. ते रुक्मिणीनं उचललं. म्हातारीनं नाणं आर्मच्या डोक्यावर ठेवलं आणि ज्योतीरामची रेकॉर्ड फिरू लागली.

"जाऊ नको गं अनवाणी, वाट काट्याची..."

गाणं पुढं गेलं. शेवटपर्यंत गेलं. नंतर नुसती खरखर राहिली.

"गेला," यशोदाबाई म्हणाल्या. दीड महिन्यानं त्या खऱ्या रडल्या.

भैरू मागच्या दारानं गेला. दौलतरावांना एकाएकी शेतावरचं काम आठवलं. रहिमान आणि रुक्मिणी बसथांब्याकडे धावले. बस आली पाऊण वाजून गेल्यावर. कंपनीच्या गेटावर पोचले तेव्हा सव्वा वाजला होता.

"साहेब गेले बाई. शनिवार हाय," वॉचमन म्हणाला.

सोमवारी कारकुनानं पत्रावरची तारीख बघितली, तोंडानं च्च् केलं आणि म्हणाला, "मुदत गेली. अर्ज करून ठेवा, बघू." तिसरा अर्ज करून झाला आहे. अजून बघणं चालू आहे. दौलतरावांच्या मुलालाही जागा मिळाली नाही, पण तेवढ्यानं रुक्मिणीची चूल पेटत नाही. रहिमान तिला दुकानात तारा जोडायला शिकवतो आणि तिच्याकडे सरळ बघू शकत नाही.

चमत्कार एवढाच होता: एक चरा, हलकी सुई आणि जागेवरून हललेलं वीस पैशाचं नाणं. यंत्र एकच शब्द पुन्हा पुन्हा बोलायला लागलं, तर हात जोडण्याआधी वाकून बघा, काय काढलंय, कुणी काढलंय आणि त्यात कुणाचा फायदा आहे. पण त्या गुरुवारी ओसरीवर भोळी माणसं होती तसा एक जाणता माणूसही होता, आणि तो चपला घालून निघून गेला. तुम्हाला कारण ठाऊक असेल, तर आवाज कापला तरी चालेल, पण त्याच दिवशी बोला. शनिवारची वाट बघू नका.