शेवटच्या ओळीआधी

माझ्याकडे व्हायोलिन शिकायला येणाऱ्यांना पहिले काही महिने मी काही लिहून देत नाही. ओळखीची चाल आधी गुणगुणायची, मग तारेवर शोधायची. बोट चुकलं तर कान सांगतो. मुलुंडच्या आमच्या सोसायटीत भिंती पातळ, त्यामुळे शेजारच्या वनमालावहिनींनाही कोण कुठे चुकतंय ते पाठ असतं.

दीप्ती नाहूरहून यायची. चाळिशीची, विम्याच्या ऑफिसात नोकरी. पहिल्याच दिवशी म्हणाली, "ताई, मला फक्त गणपतीची आरती शिकवा. आणि चतुर्थीच्या आत."

"एवढी कसली घाई गं?"

"सासऱ्यांसाठी."

सासरे म्हणजे सहदेवबाबा. मूळचे मालवणकडचे, जन्म गिरणीत गेला. घरची आरती कायम त्यांनीच उचलायची. यंदा होळीनंतर घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाजाची नुसती कुजबुज उरली.

"म्हणतात, आवाज नाय, मगे माका थंय कित्याक उभो करतास? माझा नवरा, राजेश, त्यांना चिडवतो, भांडायला पुरतो तेवढा आरतीलाही पुरेल. हसतात, पण बाहेर येणार नाही म्हणजे नाही. मी चाल वाजवली तर निदान झांजा घेऊन उभे राहतील ना?"

कान चांगला होता तिचा. गज करकरायचा, पण सूर सापडायचे. अडचण एकच. शेवटच्या ओळीआधी ती हटकून थांबायची.

"थांबू नकोस गं. ताल सुटतो."

"सॉरी ताई," म्हणायची आणि पुन्हा तिथेच थांबायची. मी मांडीवर ताल धरून पाहिला, तिच्याबरोबर वाजवून पाहिलं. काही उपयोग नाही.

चतुर्थी तोंडावर आली तेव्हा तिचा फोन आला. गुरुवारी रजा टाकलीय, सकाळी येऊ का? गुरुवारी सांजवात होईपर्यंत माझं मौन असतं. तसं सांगितलं.

"मग तर झकास. ओरडा पडणार नाही."

मी कधी कुणाला ओरडत नाही. पण असो.

गुरुवारी तिने वाजवायला घेतलं आणि शेवटच्या ओळीआधी थांबली. शब्द ओठांवर आले, ते गिळले. बोलता येत नव्हतं म्हणून नुसती बघत राहिले. तिने गज उचलून धरला होता आणि मान वर करून माझ्या ट्यूबलाइटकडे बघत होती, कुणाची तरी वाट पाहावी तशी. दुसऱ्या वेळी जास्त थांबली, तिसऱ्या वेळी कमी. अडखळणाऱ्याची बोटं चाचपडतात. हिची पुढच्या सुरावर आधीच जाऊन बसली होती.

मी माझं व्हायोलिन घेतलं. तीच ओळ वाजवली, तिथेच थांबले आणि तिच्यासारखीच वर पाहिलं.

ती हसली. मग हसू ओसरलं.

"अय्या ताई, हे तर बाबांचं आहे. चाळीत आरती खाली व्हायची ना, वरच्या गॅलरीतली माणसं वरूनच म्हणायची. ती मागे पडायची. म्हणून बाबा शेवटच्या ओळीआधी थांबायचे. सगळी आली की मग ओळ उचलायचे. चाळ पडली, आम्ही टॉवरमध्ये आलो, तरी थांबतात. ते थांबतात म्हणून आम्हीही थांबतो. मला वाटायचं, आरतीची चालच तशी आहे."

बोलायचं खूप होतं. संध्याकाळी सांजवात केली, हात जोडले आणि तिला फोन लावला.

"दीप्ती, थांब तिथे. पण आपल्या मनाने पुढे जाऊ नकोस. पुढची ओळ बाबांची."

"आवाजाशिवाय ते सांगणार कसं?"

"ते त्यांचं ते बघतील."

"आणि बाहेरच नाही आले तर?"

"मी येते," म्हटलं.

चतुर्थीला घरची पूजा आटोपून रिक्षाने नाहूर गाठलं. बाबांच्या खोलीचं दार अर्धवट लोटलेलं होतं. दीप्ती मांडी घालून बसली, व्हायोलिनचं टोक पावलावर टेकवलं. राजेशच्या हातात झांजा होत्या. दुसऱ्या ओळीत गज घसरला, कुणीतरी फिसकन हसलं, तरी सगळ्यांनी सूर धरला.

शेवटच्या ओळीआधी ती थांबली. घरही थांबलं.

"अगं, घे ना," राजेश हळूच म्हणाला.

तिने गज खाली आणला नाही. ती दाराकडे बघत होती. कापूर जळून संपत आला. मी मनात नाम घेत होते, तेही विसरले.

आत खुर्ची सरकली. बाबा दाराच्या चौकटीला धरून उभे राहिले. एकदा छताकडे पाहिलं. मग राजेशच्या हातातल्या झांजा घेतल्या आणि एकच ठोका दिला.

गज खाली आला. शेवटची ओळ सगळ्यांनी एकदम उचलली.

प्रसाद घेताना बाबा दीप्तीच्या कानाशी कुजबुजले. मी शेजारीच होते.

"दुसऱ्या ओळीत चुकलंस गो."

"उद्या बरोबर वाजवीन, बाबा."

"बघतंय ना मी. उद्या सुरवातीपासून उभो रवतलंय."