पुढं राहण्याचा मान

नगर सोडलं तेव्हा नुकतं फटफटलं होतं आणि श्रावणातला पश्चिमेचा वारा समोरून अंगावर येत होता. जामखेड ते अलिबाग, पाच दिवसांची सायकलफेरी. आज दुसरा दिवस. माणसं चौदा. त्यातल्या तेरा जणांच्या अंगाला चिकटलेले रंगीत कपडे आणि बुडाखाली मोटारसायकलीच्या किमतीच्या सायकली. चौदावी चांगुणा. सुप्याजवळच्या वाडीतली. रोज पहाटे दांडीच्या सायकलला दुधाचे दोन कॅन अडकवून डेअरी गाठणारी बाई. कॅन काढले होते, त्यांचे हूक तसेच होते. पायात पोरीचे शाळेचे बूट होते, कारण पोरीला ते आता लागत नव्हते.

फेरीचा नियम एका ओळीचा. एकेकानं एकेक गाव घ्यायचं. पाची दिवस त्यानं पेडल मारत काढले, तर त्या गावातल्या पोरींना हायस्कूलला जायला सायकली. मधेच टेम्पोत बसला, तर गाव बाद. बाकीच्यांनी गावं नकाशावर बोट ठेवून निवडली होती. चांगुणाला निवडायचं काय होतं? वाडीतली शाळा सातवीपर्यंत, हायस्कूल सहा किलोमीटरवर, एसटी येत नाही. अकरा पोरी घरात बसलेल्या. त्यातली एक तिची पूजा.

फेरीचा कर्ताधर्ता समर्थ. नगरच्या सावेडीतला, बापाच्या अपार्टमेंटा, दर संध्याकाळी कोण पूर्ण, कोण बाद ते तक्त्यावर सही करून लिहिणारा. नगरबाहेर पडताच तो शेजारी आला आणि गोड आवाजात म्हणाला, मावशी, आता तुमचा भाग लागला, आज पुढं तुम्हीच. चांगुणाला भरून आलं. काल दिवसभर ती सगळ्यांच्या मागं एकटी होती, कुणी वळून बघितलं नव्हतं. आज सगळ्यांच्या पुढं. लग्नाच्या वरातीतसुद्धा तिला कुणी पुढं काढलं नव्हतं.

ती मान खाली घालून निघाली. वारा छातीवर लाथा घालत होता. मागं तेरा जण चाकाला चाक लावून एका रांगेत, कुठल्याशा हॉटेलातल्या बिर्याणीवर बोलत, हसत. तिला बोलायला श्वास नव्हता. पंचवीस किलोमीटर ती तशीच ओढत राहिली. सुप्याच्या डोंगरावरच्या पवनचक्क्या गरगरताना दिसल्या तेव्हा मांड्यांचे दगड झाले होते. पण वाडीच्या फाट्यावर पूजा आणि बाकीच्या पोरी उभ्या होत्या. आईला सगळ्यांच्या म्होरं बघून पूजा नाचायला लागली. चांगुणानं दुखणं गिळलं आणि हात हलवला.

सुप्यात चहाला थांबले. मागच्या टेम्पोचा ड्रायव्हर शमशेर, नगरचाच, चौथं वर्ष या फेरीवर. तो तिच्यासाठी कप घेऊन आला आणि हळूच म्हणाला, "ताई, तुमाला पुढं कुनी ठेवलं?"

"समर्थ सरांनी. मान दिला."

शमशेर चहाकडं बघत राहिला. "मान कसला. पुढचा वारा फोडतो, मागचे त्याच्या आडोशाला आयते जातात. पाळी असती त्याची. पाच-पाच मिन्टांची. काल ह्यांनी घड्याळ लावून घेतली. आज वारा समोरून हाय म्हनून तुमाला घातलं."

चांगुणाला रागाच्या आधी लाज आली. आपण पोरीला हात हलवला, तो कशाच्या जोरावर?

निघताना ती मुकाट रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली. समर्थ म्हणाला, मावशी, पुढं या ना. ती म्हणाली, "माजी पाळी झाली." तेराही जण एकदम सायकलची चेन तपासायला लागले.

मग वाऱ्यानं न्याय केला, जो माणसं करत नाहीत. बिर्याणीच्या गप्पा दोन किलोमीटरमध्ये संपल्या. पाळ्यांवरून भांडणं झाली, रांग फुटली, जो तो एकटा पडला. चांगुणा दुखऱ्या मांड्यांनी, रोजच्या डेअरीच्या चालीनं जात राहिली. तासाभरानं शमशेरचा टेम्पो तिच्या बाजूनं गेला. हौद्यात पिवळी सायकल आडवी होती. पुढं शमशेरच्या शेजारी, हेल्मेट मांडीवर घेऊन, समर्थ.

मुक्काम घोडनदीच्या पुलाअलीकडच्या मंगल कार्यालयात होता. शेवटच्या वळणावर ती पोचली तेव्हा टेम्पो झाडामागं उभा होता. समर्थ सायकल खाली उतरवून तोंडावर बाटलीतलं पाणी मारत होता, घाम दिसावा म्हणून. तिला बघितलं आणि नजर फिरवून पेडल मारत निघाला. दारात हलगी, हार, मोबाईल. जयजयकार त्याचा झाला. तिच्या गळ्यात पडायला हार शिल्लक नव्हता.

जेवणाआधी तक्ता भिंतीला लागला. समर्थनं पहिलं नाव स्वतःचं घेतलं आणि त्यापुढं लिहिलं, पूर्ण.

चांगुणा त्याच्या खांद्याशी उभी होती. दिवसभर तिनं शब्द जुळवले होते, नियमाचे, खऱ्याखोट्याचे. त्यातला एकही तोंडातून निघाला नाही. निघाला तो हिशेबी, तिला स्वतःला ओळखू न येणारा आवाज.

"माज्या वाडीफुडं पाची दिवसांचं आत्ताच ल्ह्या."

समर्थ हसला. मावशी, अजून तीन दिवस जायचेत.

"न्हाईतर झाडामागं काय बघितलं ते मी माइकवर सांगते. शमशेरभाऊ बी तितंच हुता."

शमशेर कोपऱ्यात ताटं मांडत होता. त्यानं मान वर केली नाही. त्याला पुढच्या वर्षीही गाडी लावायची होती. पण समर्थचं हसू गेलं होतं. त्यानं इकडंतिकडं बघितलं आणि उरलेल्या चार रकान्यांत भराभर लिहिलं. पूर्ण, पूर्ण, पूर्ण. सही केली. पेनचं टोपण लावता लावता पुटपुटला, "तुम्ही लोक पण ना."

अकरा सायकली झाल्या. खऱ्या पेडलनं मिळत होत्या त्या तिनं खोट्या सहीनं घेतल्या, आणि चोराच्या पंगतीत आपलंही पान मांडलं. पण अलिबागपर्यंत त्याच्या भरवशावर राहायला ती खुळी नव्हती.

पूजाचा फोन आला. वाडीत सगळ्यांना सांगितलं होतं तिनं. "आई, तू सगळ्यांच्या म्होरं हुतीस. लई मान देत्यात गं तुला ती मानसं."

चांगुणानं पायातले पोरीचे बूट काढले. टाचा सोलून लाल झाल्या होत्या.

"व्हय," ती म्हणाली. "लई."