रस्तेमंत्र्यांची कबुली

केंद्रीय तपास यंत्रणेचे लोक एक दिवस आपल्याही दारात येणार, हे रस्तेमंत्र्यांना ठाऊक होतं. पुलांच्या ठेक्यांची चौकशी लागल्यापासून ते इस्त्रीच्या कपड्यांतच झोपायचे आणि पत्रकारांसमोर शांत कसं हसायचं, याची आरशापुढे तालीम करायचे. पण झाडाझडतीला कुठला मुहूर्त? बेल वाजली तेव्हा साहेब बनियनवर होते, खांद्यावर जुना टॉवेल आणि डोक्यावर कलप थापलेला.

तपास अधिकारी बाई होत्या, बोलायला मऊ. वॉरंट दाखवून त्यांनी आधी न्हाणीघराला सील ठोकलं. मागच्या एका झडतीत मोबाइल म्हणे न्हाणीघरातूनच वाहून गेले होते. स्वयंपाकघरातल्या नळापाशीही शिपाई उभा राहिला.

साहेबांनी डोकं धुवायची परवानगी मागितली. बाईंनी वरिष्ठांना विचारलं. होकार आला, पण कारण कॅमेऱ्यासमोर सांगावं लागणार होतं.

इथं घोडं पेंड खाऊ लागलं. विरोधकांनी एवढा छळ मांडला तरी आपला एक केस पिकला नाही, हे सांगून साहेबांनी सभाच्या सभा जिंकल्या होत्या. ते कलप तसाच डोक्यावर ठेवून बसून राहिले. गाद्या उसवल्या, कपाटं सरकली. बायकोची हरवलेली कुडी सापडली, तशी ती हरखून अधिकाऱ्यांना चहा विचारून आली. बाकी काही हाती लागलं नाही; जे होतं ते केव्हाच मेहुण्याकडे पोचलं होतं. इकडे कलप कानांवरून ओघळत होता आणि टाळूची आग आग होत होती.

"अहो, सांगून टाका ना," बायको म्हणाली. "सगळ्या गल्लीला माहीत आहे."

शेवटी साहेब उठले. डोळ्यांत पाणी तरारलं होतं.

"कबूल करतो," ते कॅमेऱ्याला म्हणाले. "इतकी वर्षं लोकांपासून लपवलं. जे काळं दिसतंय, ते सगळं माझंच काम."

ते न्हाणीघरात शिरले आणि तेवढीच वाक्यं कुणीतरी वाहिन्यांना पुरवलं.

त्यांचं डोकं पुसून होईतो बांधकाममंत्री वकिलासह तपास कार्यालयात धापा टाकत पोचले होते. पुलांच्या ठेक्यांमागचं डोकं आपलं नव्हतं, अर्थमंत्र्यांचं होतं, असं त्यांचं म्हणणं. अर्थमंत्री मागच्या दारानं आत आले, आणि आधी कोण बोलणार यावरून दोघांची जिन्यातच जुंपली. मग पक्षाध्यक्ष आले, पाठोपाठ मुख्यमंत्रीही. संध्याकाळी रांग फाटकाबाहेर गेली. बाईंना साहेबांच्या घरची झडती अर्धवट सोडून तिकडे धावावं लागलं. जाताना त्यांनी साहेबांचे मनापासून आभार मानले.

बायको टाळूवर थंड फडकं ठेवत होती. केस पुंजक्यांनी हातात येत होते. तेवढ्यात उरल्यासुरल्या आमदारांचा फोन आला. बाहेर राहिलेले मोठे नेते तेवढे तुम्हीच, तेव्हा सरकार तुम्हीच चालवा.

दुसऱ्या दिवशी मुख्यमंत्रिपदाची शपथ घेताना साहेबांचा आवाज थरथरला. समोरच्यांना वाटलं, मन भरून आलं. खरं तर नव्या टोपीची शिवण पोळलेल्या टाळूत रुतत होती.