घंगाळातली चरबी

देवासच्या मराठी मंडळाच्या सभागृहात त्या सकाळी बायकांची नुसती झुंबड उडाली होती. समोर पितळी घंगाळं, त्यांत नितळ पाणी. धारकडून आलेले चरणानंद महाराज एकेका लठ्ठ बाईच्या पावलांना पिवळसर लेप फासत, तिला घंगाळात उभं करत आणि डोळे मिटून पुटपुटत. बघता बघता पाणी काळं व्हायचं, की जयजयकार!

“देखो मैया, सारी चरबी, सारी शक्कर निकल गई! अब पोहे खाओ, जलेबी खाओ. परहेज तो कमजोर श्रद्धावालों के लिए है.”

महाराजांचं स्वतःचं पोट मात्र सोवळ्यावरून ओघळत होतं. ते काही घंगाळात उभे राहत नव्हते.

दाराशी उभ्या इरावतीच्या अंगाचा तिळपापड होत होता. रांगेत पुढचा नंबर तिच्या आईचा, वासंतीबाईंचा होता. महाराजांच्या नादानं त्यांनी मधुमेहाच्या गोळ्या बंद केल्या होत्या. उपवासानं वजन उतरतं म्हणून दोन्ही वेळा साबुदाण्याची खिचडी, वर संध्याकाळी बशीभर शेव. शुक्रवारी त्या ओट्यापाशीच चक्कर येऊन पडल्या. असंच चाललं तर डोळे जातील, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

ती आईजवळ गेली आणि कप पुढे केला. “आई, गोळी घे. चहा आणलाय, कोरा, बिनसाखरेचा.”

“तो कडू काढा तूच पी! चारचौघांत माझी शोभा करू नकोस.”

“भिया, इस लड़की को बाहर करो,” महाराज शिष्यावर खेकसले.

वासंतीबाईंनी कप झिडकारला. चहा उडाला तो थेट त्यांच्यासाठी भरलेल्या घंगाळात. पाणी काळंकुट्ट झालं.

मंडळाच्या अल्पनाकाकू म्हणाल्या, “अगंबाई, चहाच्या अंगात कुठली गं चरबी?”

“अश्रद्धा का असर है!” महाराज ओरडले, पण आवाज चिरकला.

इरावती शाळेत रसायनशास्त्र शिकवायची. तिनं थर्मासमधला चहा दुसऱ्या घंगाळात ओतला. तेही काळं. मग तांब्यात नळाचं पाणी आणून त्यात चहा ओतला. ते चहाच्याच रंगाचं राहिलं.

“या पाण्यात हिराकस घातलाय. लोखंडाचा क्षार आहे तो. लेपात हिरड्याची पूड असणार. दोन्ही एकत्र आले की काळा रंग होतो, पूर्वी शाई अशीच करत. हिरड्यातला तुरटपणा चहातही असतो, म्हणून चहानंही पाणी काळं झालं. फसलो आपण! साखर तळपायांतून गळत नसते, बायांनो. ताटात काय वाढता, किती चालता आणि औषध घेता की नाही, यावर ती ठरते. खिचडीऐवजी ज्वारीची भाकरी, मूग, भाजी खा. आणि नुसत्या माझ्या शब्दावर जाऊ नका, रक्तातली साखर तपासून बघा.”

महाराज मागच्या दारानं सटकत होते. बायकांनी त्यांना अडवून ठेवलं आणि पोलिसांना फोन लावला.

वासंतीबाई खाली बसल्या. लेकीकडे न बघताच त्यांनी हात पुढे केला.

“दे ती गोळी. आणि चहा उरलाय का?”