भिंतीकडची सतरा नंबर

मी खुर्ची बोलतेय. बसा ना, पण माझ्यावर नको. माझ्यावर आज दुपारपासून एक गृहस्थ बसलेत, आणि उठायचं नाव नाही.

माझं शिक्षण जेमतेम. दिल्लीत एका दालनात तीस वर्षं भिंतीला टेकून जे कानावर पडलं, तेवढंच. तिथे मंत्रिमंडळाची समिती बसायची. अख्खं मंत्रिमंडळ म्हणजे लग्नाची पंगत, तिथे कोण कुणाचं ऐकतंय? म्हणून पाच-सहा ज्येष्ठ मंत्री वेगळे बसून ठरवायचे आणि त्यांचं ठरलं की देशाचं ठरलं. बाकीचे मंत्री नंतर माना डोलवायचे. काय डोलवायचे, वा!

टेबलाभोवतीच्या गुबगुबीत खुर्च्या मंत्र्यांच्या, भिंतीकडच्या आम्ही अधिकाऱ्यांच्या. विषय निघाला की अधिकाऱ्याने आत यायचं, विचारलं तर बोलायचं, विषय संपला की बाहेर. शेवटी अध्यक्ष विचारायचे, "कुणाला काही?" कुणी उठलं नाही की मंजूर.

मी पहिल्यापासून खोडकर. माझ्या बैठकीच्या कडेला एक खिळा वर आलेला. भारी कोट दिसला की मी तो हळूच धरायचे. एका साहेबांना असं अर्धवट उठताना पकडलं, की मंत्र्यांना वाटलं, काय हा नम्र माणूस!

मग एक दिवस हिंमतराव आले. मूळ हडपसरचे. विषयही हडपसरचाच होता, जमीन मोजायची यंत्रं बनवणारा सरकारी कारखाना बंद करायचा. त्यांचे थोरले भाऊ गेनबा तिथेच लेथवर होते. आणि हिंमतरावांच्या खिशात त्याच सकाळी आलेलं पत्र होतं. एका राज्याने कारखान्याला तीन वर्षांचं काम देऊ केलं होतं. मंत्र्यांपुढच्या कागदांत ते नव्हतं. हिंमतराव सारखे खिसा चाचपत होते.

"कुणाला काही?"

हिंमतराव हलले. मी सवयीने कोट धरला आणि मनात हसले. हसू सरेपर्यंत पुढचा विषय निघाला होता. चारशे माणसं घरी बसली.

पुढे आमचा लिलाव झाला. हिंमतराव त्याच वर्षी निवृत्त होत होते. त्यांनी मला उलटी करून सतरा नंबर पाहिला आणि हडपसरला आणलं. त्यांच्या बायकोने, मुक्ताईने, दारातच विचारलं, "अहो, दिल्लीतून आणण्यासारखं हेच सापडलं?" त्यांनी मला गॅलरीत ठेवलं, पण स्वतः कधी बसले नाहीत.

गेनबा दर रविवारी यायचे. कारखाना गेल्यावर त्यांनी कंपन्यांच्या फाटकांवर पहारा केला, त्यात गुडघे गेले. दोन-चार महिन्यांनी एकदा तरी विचारायचेच, तू तिथं होतास, मग बोलला का नाहीस? हिंमतराव माझ्याकडे बोट दाखवायचे. कुणाला काही असं विचारलं तेव्हाच कोट हिच्या खिळ्यात अडकला, दादा, सुटेपर्यंत उशीर झाला. पुरावा म्हणून आणलं होतं मला! गेनबांना ते पटलं होतं. मलाही. चारशे घरांचं पाप घेऊन मी इतकी वर्षं उभी होते. गेनबा माझ्यावर बसले की मी कुरकुरतसुद्धा नव्हते.

गेल्या रविवारी ते पक्कड घेऊन आले. म्हणाले, खिळाच काढून टाकतो, परत कुणाचं काही अडकायला नको. मला आडवी केली, खिळ्यावरून बोट फिरवलं. लेथवरच्या माणसाचं बोट ते. बराच वेळ तिथेच राहिलं.

"हिंमत, ह्यो नखाएवढा हाय. ह्यानं सुतळी बी धरायची न्हाय."

हिंमतराव खाली बघत म्हणाले, "लगेच सुटला होता, दादा. मी उठलो नाही. समोर सगळी मोठी माणसं. तिथे विचारल्याशिवाय बोलायचं नसतं."

"इचारलं व्हतं की," गेनबा म्हणाले.

पक्कड खिशात घालून ते निघाले. मुक्ताईने केलेला चहा तसाच राहिला. खिळाही तसाच राहिला.

आज पुन्हा रविवार. गेनबा आलेले नाहीत. हिंमतराव पहिल्यांदाच माझ्यावर बसलेत, नजर रस्त्याकडे. दोनदा हलले, पुन्हा टेकले.

अहो, उठा. भावाचं घर पलीकडच्या गल्लीत तर आहे. सदरा मी धरलेला नाही.